मंत्र्याला निसटता येऊ नये असा प्रश्न कसा लिहून द्यावा

गोव्यातल्या साष्टी तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘गावातल्या काही म्हाताऱ्या माणसांचे दयानंद योजनेचे पैसे अनेक महिने जमा झालेले नाहीत. वाड्यावरचा एक तारवटी (जहाजावरचा खलाशी) परदेशी बंदरात बिनपगारी अडकला आहे, एक मुलगा आखातात कोठडीत आहे आणि दोन घरांत पोर्तुगीज नोंदणीमुळे भारतीय पासपोर्टचा घोळ झाला आहे. आमदार आणि खासदार दोघंही म्हणतात, प्रश्न लिहून द्या, सभागृहात विचारतो. काय आणि कसं लिहून द्यायचं?’

लोकप्रतिनिधी ‘लिहून द्या’ म्हणाले ही चांगली गोष्ट आहे, कारण मंत्री विचारलं तेवढ्यालाच उत्तर देतो. चूक काढायची असेल तर त्याच्या उत्तरात शोधण्याआधी आपल्या प्रश्नात शोधावी. विधानसभेतली आणि संसदेतली शेकडो उत्तरं वाचली तर एक गोष्ट लक्षात येते: निम्मी पोकळ उत्तरं अगदी नियमाला धरून असतात. प्रश्नच तसा लिहिलेला असतो.

सुरुवात दारापासून करू. तुमच्या चार तक्रारी म्हणजे निदान सहा-सात वेगवेगळी दारं आहेत.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजना राज्याची, आणि ती समाजकल्याण खात्याकडे. गृह आधार आणि लाडली लक्ष्मी मात्र महिला व बालविकास खात्याकडे. दयानंद आणि गृह आधार या दोन्हींचे पैसे दरमहा एकाच घरात येतात म्हणून लोक एकाच प्रश्नात दोन्ही कोंबतात. मग विधानसभेचं सचिवालय प्रश्न एका खात्याकडे पाठवतं, आणि ते खातं अर्ध्या भागाला ‘आमच्याशी संबंधित नाही’ म्हणून मोकळं होतं. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन हा आणखी एक सापळा. नाव ऐकून सामाजिक न्याय मंत्रालय आठवतं, पण १९९५ पासून चालणारा राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम ग्रामीण विकास मंत्रालयाकडे आहे. त्यात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत महिना २०० रुपये आणि ऐंशीपासून पुढे ५०० रुपये. खासदाराला वृद्धांच्या पेन्शनबद्दल विचारायचं असेल तर एवढ्या वाट्याबद्दलच विचारता येतं: किती निधी मंजूर, किती सोडला, राज्याने खर्चाचा दाखला कधी दिला. दयानंद योजनेचे पैसे का थांबले हे दिल्लीत विचारलं तर ‘राज्याचा विषय’ एवढंच ऐकू येईल.

तारवटीचं प्रकरण बहुतेक जण परराष्ट्र मंत्र्याला विचारतात. व्यापारी जहाजावरच्या खलाशाची भरती, भरती करणाऱ्या एजन्सीचा परवाना आणि करारातला पगार हे सगळं मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे, म्हणजे बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालयाकडे असतं. परराष्ट्र मंत्रालयाकडे फक्त वकिलातीने काय मदत केली हा भाग. हाच माणूस उद्या निवृत्त झाला आणि त्याची किंवा त्याच्या विधवेची राज्याची पेन्शन अडकली तर दार पुन्हा बदलतं, कारण ती योजना गोवा सरकारच्या अनिवासी भारतीय व्यवहारांच्या कार्यालयामार्फत चालते. माणूस एक, आयुष्य एक, दारं तीन.

खलाशाबाबत एक तांत्रिक शब्द हाताशी असू द्या. भारताने २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार स्वीकारला. त्यात खलाशी ‘वाऱ्यावर सोडला’ कधी मानायचा याची व्याख्या आहे आणि निदान दोन महिन्यांचा करारातला पगार न देणं तीत बसतं. तसं झालं की मालकाने आधीच घेऊन ठेवलेल्या आर्थिक हमीतून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च मिळू शकतो. म्हणून ‘गोव्याचे किती खलाशी अडचणीत आहेत’ असं विचारू नका. ‘करारानुसार वाऱ्यावर सोडल्याची नोंद झालेली भारतीय खलाशांची किती प्रकरणं अमुक काळात आली, किती प्रकरणांत हमीदाराकडे दावा केला, किती दाव्यांचे पैसे मिळाले’ असं विचारा. ‘अडचणीत’ या शब्दाची कुठल्याही कार्यालयात नोंदवही नसते. ‘वाऱ्यावर सोडलेला’ या शब्दाची असते.

आखातात कोठडीत असलेल्याचं परराष्ट्र मंत्रालयाकडे. वकिलातीचा माणूस त्याला भेटला का, दुभाषी आणि वकील मिळाला का, कुटुंबाला कळवलं का, हे तिथलं. पण शिक्षा लागल्यावर उरलेली शिक्षा भारतात भोगायला आणायचं म्हटलं की २००३ चा कैद्यांच्या प्रत्यावर्तनाचा कायदा लागतो, आणि तो गृह मंत्रालय राबवतं. पगार बुडवणाऱ्या आखाती मालकाची तक्रार पुन्हा परराष्ट्र मंत्रालयाकडेच, कारण प्रवासी भारतीयांचं वेगळं मंत्रालय २०१६ मध्ये त्यातच विलीन झालं.

पासपोर्टचा विषय गोव्यात सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात जास्त चुकवला जाणारा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुलानातवंडांची जन्मनोंद लिस्बनमध्ये करता येते, आणि तिथून पोर्तुगीज नागरिकत्वाचा प्रश्न सुरू होतो. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. पण ते घेतलं का, कधी घेतलं, कसं घेतलं, याचा निवाडा त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली केंद्राने नेमलेला अधिकारी करतो, आणि तो विषय गृह मंत्रालयाचा. ओसीआय कार्डही (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) गृह मंत्रालयाचं. पासपोर्ट परत करणं, रद्द होणं, त्याचा दाखला मिळणं हे परराष्ट्र मंत्रालयाचं. दोन मंत्रालयांच्या मधल्या फटीत माणूस अडकतो आणि सभागृहातही प्रश्न त्याच फटीत पडतो. उपाय एकच: एकाच आठवड्यात दोन वेगळे प्रश्न, दोन मंत्र्यांना, एकमेकांशी जुळणारे. परराष्ट्र मंत्र्याला ‘गोवा पासपोर्ट कार्यालयाने अमुक काळात या कारणाने किती पासपोर्ट रद्द केले, किती जणांना परत केल्याचा दाखला नाकारला’. गृहमंत्र्याला ‘त्याच काळात गोव्यात जन्मलेल्यांचे ओसीआयचे किती अर्ज या दाखल्याअभावी अडले, कलम ९(२) खाली किती प्रकरणांत निवाडा झाला’. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की फट आपोआप दिसते.

हा विषय विधानसभेत विचारायचा नाही का? विचारता येतो, पण मर्यादेत. परराष्ट्र व्यवहार, नागरिकत्व, पासपोर्ट हे तिन्ही संघसूचीत आहेत. मुख्यमंत्र्यांना ‘सरकार काय करणार’ विचारलं तर ‘केंद्राशी पाठपुरावा सुरू आहे’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी जे पूर्णपणे राज्याच्या हातात आहे ते विचारा: या विषयावर राज्याने केंद्राला कोणत्या तारखांना पत्रं पाठवली, कोणत्या मंत्रालयाला, उत्तरं कधी आली, प्रती सभागृहापुढे ठेवणार का. तारखा लिहाव्या लागल्या की ‘पाठपुरावा’ या शब्दाचं वजन समजतं.

आता तारांकित की अतारांकित. तारांकित म्हणजे तोंडी उत्तर आणि त्यावर पूरक प्रश्न. अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तर. गावोगावी समज असा की तारांकित म्हणजे मोठा आणि अतारांकित म्हणजे उरलासुरला. कामाच्या दृष्टीने उलट आहे. आकडे हवे असतील तर अतारांकित, मंत्र्याला जाब विचारायचा असेल तर तारांकित. तालुकावार यादी तारांकित प्रश्नात मागितली तर उत्तर जाडजूड परिशिष्टासकट त्याच दिवशी हाती येतं. पर्वरीत, म्हणजे गोवा विधानसभेत, सकाळी साडेअकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो, आमदार पानं उलटत बसतो, आणि मंत्री म्हणतो, ‘सगळी माहिती परिशिष्टात दिली आहे.’ तेवढ्यात सभापती पुढचा प्रश्न पुकारतात. आकडे एका अधिवेशनात अतारांकितातून काढावेत, घरी बसून तपासावेत आणि त्यातली विसंगती पुढच्या अधिवेशनात तारांकितातून मांडावी. याला सहा महिने लागतात. घाई असलेल्या माणसाला हे पटत नाही, पण अर्ध्या तासात विसरलं जाणारं भाषण आणि नोंदीत राहणारा आकडा यांत निवड करायची तर ती सोपी आहे.

संसदेचं गणित आणखी कडक. लोकसभेत एका दिवसासाठी एका सदस्याला तारांकित-अतारांकित मिळून पाचच नोटिसा देता येतात, निदान पंधरा पूर्ण दिवस आधी. त्यांतून सोडतीने क्रम लागतो. दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकितांपैकी प्रत्यक्ष चर्चेला सहसा चार-पाचच पोहोचतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी समजून पटलावर ठेवली जातात. प्रत्येक मंत्रालयाला आठवड्यात एकच दिवस. चार आठवड्यांच्या अधिवेशनात परराष्ट्र मंत्र्याला गाठायच्या संधी चारच. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक सदस्य, तेव्हा नुसत्या सोडतीच्या भरवशावर बसू नये. प्रश्न आपल्याच खासदाराने विचारला पाहिजे असा नियम नाही. आखाताच्या विषयात केरळचे खासदार वर्षानुवर्षं विचारत आले आहेत. त्यांच्या प्रश्नाला गोव्याचा एक भाग जोडून मिळाला तरी काम होतं. आणि नोटीस देण्याआधी त्यांना मिळालेली जुनी उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर जरूर वाचा. ज्याला आधी उत्तर दिलं गेलं आहे तोच प्रश्न पुन्हा आला तर सचिवालय तो नाकारतं.

विधानसभेसाठी खातेनिहाय दिवस आणि नोटिशीची शेवटची तारीख यांचं पत्रक अधिवेशन जाहीर झालं की निघतं. ते आमदाराच्या कार्यालयातून मागून घ्या. बहुतेक प्रश्न मजकुरामुळे हुकत नाहीत, तारखेमुळे हुकतात.

मजकुराकडे येऊ. लोक साधारण असा मसुदा आणून देतात:

‘दयानंद योजनेच्या गरीब लाभार्थ्यांना खातं जाणूनबुजून छळत आहे हे खरं आहे का? असल्यास त्याची कारणं काय? असल्यास सरकार कोणती पावलं उचलणार आहे?’

यातला ‘जाणूनबुजून छळत’ हा भाग सचिवालयातच गळतो. प्रश्नात आरोप, विशेषणं, उपरोध, अनुमान चालत नाहीत. लोकसभेच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलं आहे, शिवाय १५० शब्दांची मर्यादा आहे, न्यायप्रविष्ट बाब नको, मंत्र्याचं मत मागणं नको, मित्रदेशाचा असभ्य उल्लेख नको. (कुवेत-कतारबद्दल रागाने लिहिलेले मसुदे या शेवटच्या कलमावर आपटतात.) पण खरा घात ‘हे खरं आहे का’ यातच आहे. मंत्री पहिल्या भागाला ‘नाही’ म्हणतो आणि पुढच्या दोन्ही भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. तीन ओळींत सुटका. ‘असल्यास’ हा शब्द म्हणजे आपणच उघडी ठेवलेली मागची खिडकी.

तोच विषय असा लिहा:

‘समाजकल्याण मंत्री पुढील माहिती देतील काय: (अ) दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत १ एप्रिल २०२४ रोजी प्रलंबित असलेले अर्ज, त्या दिवसापासून ३१ मार्च २०२५ पर्यंत दाखल, मंजूर आणि नाकारलेले अर्ज, तसेच ३१ मार्च २०२५ रोजी प्रलंबित अर्ज, तालुकावार, (ब) ३१ मार्च २०२५ रोजी प्रलंबित अर्जांपैकी तीन महिन्यांपर्यंत, तीन ते सहा महिने, सहा महिने ते एक वर्ष आणि एक वर्षाहून जुने किती, (क) याच काळात ज्या मंजूर लाभार्थ्यांचं मासिक वितरण थांबवलं त्यांची संख्या, कारणवार: हयातीचा दाखला नाही, बँकेने रक्कम परत पाठवली, पात्रता पडताळणीत बाद, मृत्यू, अन्य, (ड) बँकेने परत पाठवलेल्या रकमा लाभार्थ्याला पुन्हा देण्याची पद्धत, तिची मुदत आणि ३१ मार्च २०२५ रोजी अशी न दिलेली रक्कम?’

इथे एकही भाग दुसऱ्यावर लटकलेला नाही. (अ)चं उत्तर काहीही येवो, (ड) उभाच राहतो. ‘गेल्या वर्षभरात’ लिहिलेलं नाही, दोन तारखा आहेत. आणि (अ)मध्ये मुद्दाम पाच आकडे मागितले आहेत, कारण ते एकमेकांची साक्ष देतात: सुरुवातीचे प्रलंबित अधिक दाखल, बरोबर मंजूर अधिक नाकारलेले अधिक शेवटचे प्रलंबित. बेरीज जुळली नाही तर एक तर अर्ज कुठेतरी हरवले आहेत, नाहीतर आकडे वेगवेगळ्या नोंदवह्यांतून आले आहेत. दोन्हींपैकी काहीही असलं तरी पुढच्या अधिवेशनाचा तारांकित प्रश्न तयार झाला. नुसते ‘मंजूर किती’ विचारणारा सरकारची जाहिरात स्वतःच्या हाताने छापून देतो.

(क) आणि (ड)ची कारणं वेगळी काढायचं कारण असं. थांबलेले पैसे म्हणजे नाकारलेला अर्ज नव्हे. योजनेसाठी साठ वर्षं पूर्ण आणि गोव्यात पंधरा वर्षं वास्तव्य लागतं. ते सगळं बरोबर असूनही वर्षाचा हयातीचा दाखला पोहोचला नाही की वितरण थांबतं. दाखला दिला पण नोंद झाली नाही, तरी थांबतं. बँकांचं विलीनीकरण झालं, आयएफएससी कोड बदलला, खातं वापराविना निष्क्रिय झालं, की रक्कम परत जाते. गोव्यात ‘खातं’ बँकेचंही असतं आणि सरकारचंही, आणि म्हाताऱ्या माणसाचे पैसे बहुधा या दोन खात्यांच्या मध्येच कुठेतरी असतात. खातं म्हणतं आम्ही पाठवले, बँक म्हणते आम्हाला आले नाहीत. परत आलेल्या रकमेची नोंद कोण ठेवतं हे विचारल्याशिवाय ही टोलवाटोलवी थांबत नाही.

प्रश्नात माणसाचं नाव घालू नका. एकट्या माणसाची तक्रार सहसा स्वीकारली जात नाही, आणि स्वीकारली गेली तरी ‘सदर प्रकरण निकाली काढलं आहे’ असं एका ओळीचं उत्तर येऊन बाकीचे शंभर जण तसेच राहतात. त्या एका माणसासाठी आमदाराचं संचालकांना पत्र, माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज, कोठडीतल्या किंवा आखातात अडकलेल्या मुलासाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार, खलाशासाठी नौवहन महासंचालनालयाकडे लेखी तक्रार. हे सगळं प्रश्नाची वाट न बघता आजच करायचं. मदद पोर्टलवरच्या तक्रारीचा क्रमांक खासदाराकडे द्या, पण तो प्रश्नात लिहिण्यासाठी नव्हे, पूरक प्रश्नाच्या वेळी हाताशी असावा म्हणून.

उत्तर हाती आलं की ते कसं वाचायचं? काही ठरलेली वाक्यं आहेत.

‘(अ) ते (ड): परदेशातील भारतीयांच्या सुरक्षिततेला सरकार सर्वोच्च प्राधान्य देते…’ असं एकत्रित उत्तर दिसलं की लगेच प्रश्न शेजारी ठेवून एकेका भागावर बोट ठेवत जा. चार भाग एकत्र करून एका लांब परिच्छेदात उत्तर दिलं जातं तेव्हा बहुतेक एखादा भाग त्यात बुडालेला असतो. कोणत्या भागाला उत्तरच नाही हे शोधणं हेच पहिलं वाचन. त्याच परिच्छेदात २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीचा उल्लेख हमखास असतो. निधी आहे हे कोणी नाकारलेलं नाही; विचारायचं ते असं की अमुक वकिलातीने त्यातून कायदेशीर मदतीवर किती आणि परतीच्या तिकिटांवर किती खर्च केला.

कैद्यांबद्दल विचारलं की परराष्ट्र मंत्रालय देशवार आकडे देतं आणि पुढे एक सावध वाक्य जोडतं: अनेक देशांच्या कडक गोपनीयता कायद्यांमुळे, कैद्याने संमती दिल्याशिवाय तिथलं प्रशासन माहिती देत नाही. हे वाक्य खरं आहे, पळवाट म्हणून झटकू नका. त्याचा अर्थ असा की छापलेला आकडा कळलेल्यांचा आहे, असलेल्यांचा नाही. यावरचा योग्य पूरक प्रश्न ‘खरा आकडा किती’ हा नव्हे. ‘संमतीचा अर्ज कैद्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी वकिलात काय करते आणि किती दिवसांत भेटते’ हा आहे. राज्यवार आकडे मागितले तर ‘अशी माहिती ठेवली जात नाही’ असं उत्तर येऊ शकतं. म्हणून ‘गोव्याचे किती’ हा भाग सगळ्यात शेवटी ठेवा, त्यावर बाकीचे भाग उभे करू नका.

‘माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ हे वाचून लोक निराश होतात. खरं तर हे तुमच्या बाजूचं वाक्य आहे. ‘विचाराधीन आहे’, ‘तपासून पाहू’ हीही तशीच. संसदेत अशी वाक्यं आश्वासन म्हणून नोंदली जातात, तीन महिन्यांची मुदत लागते आणि शासकीय आश्वासन समिती मंत्रालयाच्या मागे लागते. गोवा विधानसभेतही आश्वासन समिती आहे. मात्र एखादं आश्वासन समितीच्या नजरेतून सुटलं तर सुटलं. म्हणून आमदाराने प्रश्नाचा क्रमांक आणि दिनांक देऊन ‘हे आश्वासन म्हणून नोंदवलं का’ असं एक पत्र द्यावं. उलट ‘योग्य ती कार्यवाही केली जाईल’ या वाक्यापासून जपा. ते ऐकायला गोड आणि हातात धरायला काहीच नाही. पूरक प्रश्नात ‘कोणत्या तारखेपर्यंत’ एवढेच दोन शब्द विचारून ते पक्कं करून घ्यायचं.

पूरक प्रश्नाचं तंत्र थोडं आतून समजून घ्या. प्रश्न खात्यात पोहोचला की विभागातला कारकून जुनी उत्तरं काढतो, तालुका पातळीवरून आकडे मागवतो. मसुदा संचालक, सचिव असा चढत मंत्र्याच्या सहीपर्यंत जातो. सोबत मंत्र्यासाठी वेगळं टिपण असतं, ‘असं विचारलं तर असं सांगावं’. म्हणजे सरळ रेषेतल्या पूरक प्रश्नाची तयारी आधीच झालेली असते. अधिकाऱ्यांच्या सज्जातून मंत्र्याकडे चिठ्ठ्या जाताना दिसल्या तर समजावं, प्रश्न टिपणाबाहेरचा आहे. तसा प्रश्न काढायला परिशिष्टातलीच एक ओळ पकडावी लागते: ‘पान अमुक, काणकोण, वर्षाहून जुने प्रलंबित अर्ज इतके, शेजारच्या केपेत इतके कमी. फरक का?’ एका दमात एकच गोष्ट. दोन विचारल्या की मंत्री सोपी उचलतो आणि मूळ विचारणाऱ्याची पाळी संपते. लोकसभेत त्याला साधारण दोनच पूरक मिळतात, पर्वरीत सभापतींच्या मर्जीवर. पूरक प्रश्न मूळ प्रश्नाच्या कक्षेत असावा लागतो, म्हणूनच वरच्या मसुद्यात ‘हयातीचा दाखला’ आणि ‘बँकेने परत पाठवलेली रक्कम’ हे शब्द आधीच पेरले आहेत. ते मूळ प्रश्नात नसते तर सभापतींनी ‘हा वेगळा प्रश्न आहे, वेगळी नोटीस द्या’ म्हटलं असतं, आणि बरोबरच म्हटलं असतं.

उत्तर चुकीचं निघालं तर लगेच हक्कभंगाची भाषा करू नये. हक्कभंगासाठी सभागृहाची हेतुपुरस्सर दिशाभूल दाखवावी लागते, आणि ते सिद्ध करणं अवघड. लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली सदस्य चूक दाखवून पत्र देऊ शकतो, मग मंत्र्याला खुलासा करावा लागतो. पत्रासोबत खात्याचाच कागद जोडा, माहिती अधिकारात तीस दिवसांत मिळवलेला. बाहेरच्या वर्तमानपत्राचं कात्रण जोडलं तर तो वाद होतो. खात्याच्या दोन कागदांतली विसंगती दाखवली तर खुलासा येतो. विषय मोठा असेल आणि उत्तर अपुरं, तर लोकसभेत सोमवार, बुधवार, शुक्रवारच्या अर्ध्या तासाच्या चर्चेची नोटीस हाही मार्ग आहे, तीन दिवस आधी.

भाषेचं एक सांगायला हवं. मसुदा तुम्ही मराठीतच लिहाल, आणि लिहावा. पण संसदेत नोटीस हिंदी किंवा इंग्रजीत जाते आणि पर्वरीतली उत्तरं नि परिशिष्टं बहुतांशी इंग्रजीत येतात. भाषांतरात ‘अर्जदार’, ‘लाभार्थी’ आणि ‘वितरण झालेले’ हे तीन शब्द एकमेकांत मिसळतात. मंजुरी मिळालेला पण एक पैसाही न आलेला माणूस उत्तरात ‘लाभार्थी’ म्हणून मोजलेला असतो. म्हणून मसुद्याखाली या तिन्हींचा अर्थ एकेका ओळीत लिहून द्या, म्हणजे भाषांतर करणारा अडखळणार नाही.

प्रत्यक्ष देताना कागद दोन ठेवा. पहिल्यावर फक्त प्रश्न, वर खात्याचं किंवा मंत्रालयाचं नाव, तारांकित की अतारांकित, आणि नोटिशीची शेवटची तारीख. दुसरा कागद सभागृहासाठी नाही: अर्जाचे क्रमांक, शेवटचे पैसे कोणत्या महिन्यात आले, हयातीचा दाखला कधी दिला आणि पोच आहे का, तारवटीच्या करारावरचं एजन्सीचं नाव आणि परवाना क्रमांक, जहाजाचा आयएमओ क्रमांक (जहाजाची कायमची ओळख), पासपोर्ट रद्द झाल्याच्या पत्राची तारीख. प्रत्येक नोंदीपुढे मूळ कागदाची छायाप्रत. पोच नसलेल्या दाखल्यांची नोंद वेगळी काढा. सभागृहात पहिला हल्ला तिथेच होतो.